सायलेन्सर मधूनच तुटलाय: वेल्डिंग मारू की अख्खा बदलू?

घाट_ते_खाडी
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी २०१४ची, पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. राहायला चिपळूण आणि सासुरवाडी कराड, त्यामुळे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला.

गेल्या रविवारी कराडहून परत येताना पाटण सोडल्यावर एका स्पीडब्रेकरवर गाडी खालून घासली, खणकन आवाज आला आणि त्यानंतर गाडीचा पार ट्रॅक्टर झाला. वाकून बघितलं तर पुढच्या सीटच्या खाली पाइप जोडापाशी तुटलेला आणि मागचा भाग रस्त्याला टेकायच्या बेतात. कोयनानगरला एका पंक्चरवाल्याने बाइंडिंग तारेने बांधून दिलं, वर पैसेही घेतले नाहीत. काचा बंद, एसी चालू, असे हळूहळू घाट उतरलो. पोफळीत कुत्री मागे लागली. सासूबाई मागे बसल्या होत्या, त्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं. पण घाटात त्यांचं हे नेहमीचंच.

आता सर्व्हिस सेंटर म्हणतंय मधला पाइप सुटा येत नाही, मफलरसकट घ्यावा लागेल, साडेअकरा हजार अधिक मजुरी. नाक्यावरचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो सातशे द्या, संध्याकाळी गाडी न्या. बायको म्हणते गाडीच काढून टाका. कुणाचं ऐकू?

पाचवा_गियर
वहिनींचं.

बोल्टू
सातशेत काम होतंय तर साडेअकरा हजार कशाला घालताय? माझ्या आधीच्या गाडीच्या सायलेन्सरला इतके टाके होते की मूळ पाइप कुठला ते हुडकावं लागलं असतं. चालली की मस्त. शेवटी विकली तीही टाक्यांसकट. सर्व्हिस सेंटरला सुटा नट मागितला तरी ते अख्खी असेंब्लीच दाखवणार.

आंबोळी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. आमची पण गाडी हल्ली फुरफुरते.

नाना_पेठी
घाट_ते_खाडी, नेमकं कुठे तुटलंय हे कळल्याशिवाय सातशे बरोबर की साडेअकरा हजार बरोबर हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पुढून मागे क्रम असा: मॅनिफोल्ड (इंजिनला जोडलेला, सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा भाग), कॅट-कन्व्हर्टर म्हणजेच कॅट (धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा, बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डलाच जोडून असतो), त्याच्या मागेपुढे ऑक्सिजन सेन्सर, मग जाळीचा फ्लेक्स पाइप, मधला पाइप, काही गाड्यांत त्यावर एक छोटा डबा आणि सगळ्यात शेवटी मोठा डबा म्हणजे मफलर.

मफलरच्या मागची शेपटी तुटली तर इंजिनाला काही होत नाही, आवाज वाढतो. वेल्डिंग मारा, नाहीतर तार बांधून दिवाळीपर्यंत ढकला. पण पहिल्या सेन्सरच्या आधी फट पडली तर प्रकरण वेगळं. जळालेला वायू सलग धारेने येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग तो आणखी सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमधे जाऊन पेटतं. कॅट जळला की साडेअकरा हजार स्वस्त वाटतील, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असा ऐवज असतो.

बारीक फट ओळखायची तर सकाळी थंड इंजिन चालू करा. मॅनिफोल्डला चीर असेल तर टकटक ऐकू येते आणि गाडी तापली की धातू फुगून ती बंद होते. म्हणूनच गॅरेजमधे नेल्यावर ‘काही आवाज नाही साहेब’ होतं. बाकी पाइपासाठी जाड ओलं फडकं घेऊन कुणाला तरी शेपटीचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायला सांगा आणि आपण बाजूने कान लावा. फुस्स कुठून येतं ते लगेच कळतं. गाडीखाली नुसत्या जॅकवर शिरू नका, स्टँड लावा.

तुमचं वर्णन फ्लेक्सच्या मागच्या फ्लँजचं (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीचं) वाटतंय. फोटो टाका.

डॉ_फुरसत
सायलेन्सरमधलं मला काही कळत नाही. पण तुम्ही जे वाक्य जाता जाता टाकलंत तिथे मी अडकलो. पुढच्या सीटखाली पाइप तुटलेला, काचा बंद, एसी चालू आणि मागच्या सीटवरच्या वयस्कर बाईंचं डोकं दुखून मळमळ. हे घाटावर ढकलू नका.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो त्यातल्या इतर गोष्टींचा. त्यामुळे वास नाही म्हणजे वायू नाही असं होत नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, पेंग येणं ही लक्षणं. गाडी लागल्यावरही साधारण हेच होतं, त्यामुळे फसायला होतं.

आता त्या कशा आहेत? तुम्हा दोघांना काही जाणवलं का?

बोल्टू
डॉक्टर, घाबरवू नका हो माणसाला. कुंभार्लीत धडधाकट माणूस ओकतो. आणि गाडी चालू असताना वायू मागे उडून जातो, आत कसा येईल? आम्ही टाकेवाल्या सायलेन्सरवर पुणे-गोवा केलंय, जिवंत आहोत.

डॉ_फुरसत
जिवंत आहात याचा आनंद आहे. ज्यांचं उलटं झालं ते प्रतिसाद द्यायला येत नाहीत.

फरक सांगतो. गाडी लागलेली असेल तर खाली उतरून वारा लागला, लिंबू चोखलं, की अर्ध्या तासात माणूस ताळ्यावर येतो. वायूची डोकेदुखी उतरल्यावरही रेंगाळते, कारण मोकळ्या हवेतसुद्धा रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. दुसरी खूण म्हणजे एकाच गाडीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास. आणि महत्त्वाचं: कोविडपासून घरोघर ऑक्सिमीटर आहे, तो बोटाला लावून ९८ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, तो दोन्ही चांगलंच धरतो. कुणी गुंगीत गेलं, असंबद्ध बोलायला लागलं तर थेट रुग्णालय आणि तिथे ‘गाडीचा धूर आत आला असावा’ हे आपण होऊन सांगायचं.

घाट_ते_खाडी
सासूबाई बऱ्या आहेत. पण डॉक्टर, आता तुम्ही विचारल्यावर आठवतंय, डोकं रात्रीपर्यंत दुखत होतं. मागे त्यांच्याबरोबर माझा मुलगा होता, तो तर अलोऱ्यापासून झोपूनच गेला. आम्हाला वाटलं दमला. पुढे आम्हा दोघांना काही नाही. फोटो संध्याकाळी टाकतो.

मोहोर
डॉ. +१. बोल्टू, वायू मागे उडून जातो पण तिथेच घुटमळतोही. आमच्याकडे आंब्याच्या पेट्या नेताना डिकी पूर्ण लागत नाही म्हणून अर्धी उघडी ठेवून दोरीने बांधतात. एकदा रत्नागिरीहून निघालो तशा आणि संगमेश्वर यायच्या आत मागे बसलेली दोन्ही मुलं हिरवीपिवळी. सायलेन्सर ठणठणीत होता! हॅचबॅकच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथे भोवऱ्यात फिरतो आणि उघड्या डिकीतून उलटा आत येतो. तेव्हापासून पेट्या कॅरियरवर, नाहीतर टेम्पोने.

खडूस_काका
आमच्या वेळी कार्ब्युरेटर होता, चोक ओढायचो, पेट्रोलमधे शिसं होतं, दर पावसाळ्यानंतर सायलेन्सरला ठिगळ लागायचं आणि कुणी धागे काढत नव्हतं. कॅट-बिट काय ते १९९५ला चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना आलं. शिशाचं पेट्रोल तर देशभरातून २०००मधे गेलं. ठिगळ मारा आणि कामाला लागा.

पाचवा_गियर
काका, तुमच्या वेळी काचा बंद होत नव्हत्या आणि एसी नव्हता. दारांच्या फटींतून रस्ता दिसायचा.

खडूस_काका
हे मात्र खरं. पाऊससुद्धा आत यायचा.

रंकाळ्यावरचा
भावा, ते सर्व्हिस सेंटर सोड आणि कोल्हापूरला उद्यमनगरात ये. नुसता तुकडा दाखवायचा, पाइप वाकवून, फ्लँज कापून, चहा पिऊन होईस्तोवर तयार.

रस्त्यात अडकलास तर उपाय सांगतो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापायचा, तुटक्या जागी दोन वेढे गुंडाळायचा आणि दोन्ही टोकांना लोखंडी क्लिपा आवळायच्या, ज्या पाण्याच्या पाइपाला असतात त्या. लोंबत असेल तर बाइंडिंग तार. नायलॉनची दोरी बांधलीस की पाच मिनिटांत वितळून तुझा सायलेन्सर मागच्याच्या बंपरवर. आणि त्या दोन रंगांच्या गोळ्या मळून लावायची लांबी असते ना, ती नळाला ठीक. इथं तापून भुगा होतीय.

बोल्टू
उद्यमनगरचं मान्य. पण चिपळूणहून कोल्हापूरला जायला आधी सायलेन्सर लागेल.

सोलापुरी_चादर
लोंबत्या सायलेन्सरवरून एक सांगून ठेवतो, घाटाखालच्या लोकांना माहीत नसेल. आमच्याकडे सुगीत शेतकरी हुलगा, तूर, करडई सरळ डांबरी रस्त्यावर अंथरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली फुकट मळणी होते. त्यावरून गेलं की काड खाली अडकतं, पाइपाला गुंडाळतं. कॅट चालू गाडीत चारशे अंशाच्या वर तापलेला असतो आणि काड कडकडीत वाळलेलं. गाड्या पेटल्यात अशा. गाडी आधीच खालून तुटकी असेल, तारा लोंबत असतील तर काड अडकायला आणखी सोपं. अशा रस्त्यावरून जावंच लागलं तर पुढे मोकळ्यावर थांबून खाली बघायचं, अडकलेलं ओढून काढायचं, हाताने नको, काठीने. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका तेही याच कारणासाठी.

रंकाळ्यावरचा
आमच्यात बुलेटवाली पोरं मुद्दाम सायलेन्सर काढून फिरत्यात. तुझ्या गाडीला काय झालंय ते करायला ती दोन-तीन हजार मोजत्यात.

आंबोळी
आमच्या गल्लीत रात्री अकराला एक जातो फटफट करत. त्याला उद्यमनगरात पाठवता येईल का? एकेरी.

वकीलीण
विषय निघालाच आहे म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे असं सांगतो. आवाज किंवा धुराच्या मानकांचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२). २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. पोलीस फटाका सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडतात ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील.

घाट_ते_खाडी, तुमचा तुटलेला आहे, काढलेला नाही. पण नाक्यावरच्या हवालदाराने आधी आवाज ऐकलेला असतो, तुमची कथा नाही. दुरुस्तीला चाललोय असं सांगा आणि खरंच चाललेले असा.

विम्याचं कुणी विचारलं नाही तरी सांगते: गंजून तुटलं तर झीज म्हणून मिळत नाही. स्पीडब्रेकरवर आपटून तुटल्याचा दावा करता येतो, पण सर्व्हेअर आधी गंज बघतो. आणि एवढ्या रकमेसाठी नो क्लेम बोनस घालवायचा का, हा हिशेब घरी करा.

पाचवा_गियर
फट असली तर पीयूसीला बाहेरची हवा मिसळून आकडे उलट छान येतील ना? मग वेल्डिंगच्या आधी पीयूसी काढून घ्या.

नाना_पेठी
नव्या गाड्यांना लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) पण तपासतात, जास्तीची हवा त्यात पकडली जाते. नियमाने तपासलं तर. पुढचं बोलत नाही.

मिशिगनकर
आमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरतात, त्यामुळे गाडीचं इंजिन म्हातारं व्हायच्या आधी तळ गंजतो. इथे फक्त सायलेन्सरचं काम करणारी दुकानं आहेत आणि त्यांचा धंदा जोरात चालतो. चिपळूणला खाडी जवळ आणि वर तो पाऊस, म्हणजे तुमचंही तसंच असणार.

एक अवांतर: इथे उभ्या गाडीखालून करवतीने कॅट कापून चोरून नेतात, आतल्या धातूंसाठी. सकाळी किल्ली फिरवली की घाट_ते_खाडी यांच्या गाडीसारखा आवाज. कॅटला मात्र इथे कायद्यानेच ८ वर्षं किंवा ८० हजार मैल वॉरंटी असते, चोराला लागू नाही.

बोल्टू
भारतात पण कॅट फुकटात बदलून देणारे भेटतात. जुना ‘जाम झालाय, काढून टाकू’ म्हणतात आणि पोकळ डबा बसवतात. जुना परत मागा! घरी माळ्यावर ठेवा, पण मागा.

नाना_पेठी
बोल्टू, आज पहिल्यांदा एकमत.

टाकेवाला
नमस्कार. सांगलीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे, सायलेन्सरचं काम रोजचं. बराच वेळ वाचत होतो.

पहिलं, सातशे रुपये हा भाव गाडीखाली शिरून जागेवर टाका मारायचा आहे. तसं मी करत नाही. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, पाइप तिच्या जवळून जातो आणि ठिणगीला डोळे नसतात. पाइप उतरवूनच काम करायचं. उतरवायचं म्हणजे नट गंजून एक झालेले, तेल मारून भिजत ठेवायचे, नाही निघाले तर गॅसने लाल करायचे, तरी नाही निघाले तर कापायचे. खरी मजुरी त्यात जाते. आणि कुणी गाडीवरच वेल्डिंग करणार असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला सांगा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायला सांगा. तो चिमटा पुढे बंपरला लावला तर करंट वाटेतलं सगळं शोधत जातो, त्यात ईसीयू आला.

दुसरं, तुटलेल्या कडेला नुसता टाका मारून उपयोग नाही. आम्ही आधी ग्राइंडरने घासत जातो. वरून पापुद्रा निघतो, खाली पत्रा चकाकला पाहिजे. घासता घासता चाकच आरपार गेलं तर तिथे वेल्डिंग धरत नाही, भोक मोठं होत जातं. मग चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापायचं, वरून बसेल असा तुकडा सरकवायचा आणि दोन्हीकडून गोल टाका. स्वस्तात करणारे नळकामाचा जीआय पाइप घालतात. त्यावर जस्त असतं, वेल्डिंगला पांढरा धूर निघतो आणि करणाऱ्याला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी पोरांना त्याला हात लावू देत नाही.

तिसरं, फ्लेक्स फाटला असेल तर त्यावर पत्रा मारू नका. इंजिन रेस केलं की मागेपुढे डुलतं, ते डुलणं जाळी सोसते. ती कडक केली की पुढच्या महिन्यात त्याच्या पुढे तडा, म्हणजे मॅनिफोल्डकडे. फ्लेक्सचा सुटा तुकडा मिळतो, कापून नवा घालायचा.

गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतात, चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही म्हणतात. कंपनीचे पाइप बऱ्याचदा ज्या जातीच्या स्टेनलेसचे असतात तिला चुंबक चिकटतो आणि वरून थोडा गंजही येतो. त्यावरून भांडू नका.

मोहोर
ठिणगीला डोळे नसतात!! मस्त लिहिलंय, तुम्ही अजून लिहा.

घाट_ते_खाडी
फोटो टाकले आहेत. नाना, तुमचा अंदाज बरोबर, फ्लेक्सच्या मागची फ्लँज. पाइप फ्लँजच्या कडेला गोल तुटलाय, कड चकचकीत नाही, अर्ध्याहून जास्त भाग काळपट गंजलेला. आणि मफलरचा तळ बोटाने दाबला तर आत जातो.

नाना_पेठी
म्हणजे स्पीडब्रेकरने फक्त निकाल जाहीर केला, तडा जुनाच. आणि तिसऱ्या फोटोत बघा, मागची रबरं. दोनातलं एक नाहीच आणि दुसरं लांबून पार लोंबकळलंय. सायलेन्सर या रबरांवर टांगलेला असतो. ती गेली की डब्याचं सगळं वजन पुढच्या जोडावर, प्रत्येक खड्ड्याला तिथे हिसका. तिथे नुसता टाका मारून आणला असतात तर पावसाळा संपायच्या आत टाक्याच्या शेजारी तुटलं असतं आणि तुम्ही फॅब्रिकेशनवाल्याच्या नावाने बोटं मोडली असती. रबर दीडशे रुपयांच्या आत येतं.

मफलर आतून कुजलाय. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, लिटरभर पेट्रोलमागे जवळपास लिटरभर. लांब पल्ल्यावर वाफ होऊन निघून जातं. घर ते बाजार, बाजार ते घर अशा फेऱ्यांत डबा तापतच नाही, पाणी तळाशी साचतं आणि त्यात आम्लही असतं. म्हणून तळाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘सायलेन्सरला भोक पडलंय, पाणी गळतंय’ म्हणून ते वेल्डिंगने बुजवून आणणारे महाभाग मी पाहिलेत.

वाशिष्ठी_पूल
घाट_ते_खाडी, आपण गाववाले. २२ जुलै २०२१ला ही गाडी कुठे होती?

घाट_ते_खाडी
बाजारपेठेच्या मागे, घराखाली. इंजिनपर्यंत पाणी चढलं नाही, पण सीटच्या बुडाला लागलं होतं. चालू न करता टोइंग करून नेली म्हणून वाचली. का?

वाशिष्ठी_पूल
तेच म्हटलं. बंद गाडीच्या सायलेन्सरमधे पाणी मागून सरळ शिरतं आणि आपल्याकडचं पाणी म्हणजे निम्मा गाळ. वरून धुतली, सीटा वाळवल्या, इंजिन ऑइल बदललं, मफलर कुणी उतरवून झटकला? आमच्या गाडीचा काढला तेव्हा आतून वाळलेला चिखल ढेकळांनी पडला. तो ओल धरून ठेवतो. त्या पुरातल्या बऱ्याच गाड्यांचे डबे असेच कुजले.

टाकेवाला
पुरातली गाडी आहे होय? मग माझं ऐका, सायलेन्सर राहू दे बाजूला, आधी मागच्या सीटखालचं कार्पेट उचला. गाडीच्या तळपत्र्याला कंपनीतूनच भोकं असतात, त्यांना रबरी बूच असतात. २०१९ला आमच्याकडे कृष्णेचं पाणी आलं तेव्हा मी स्वतः शंभरदा बघितलंय, आत साचलेलं पाणी काढायला बूच काढतात, पाणी गेलं की घाईत कार्पेट टाकतात, बूच राहतात कुठेतरी खोक्यात. चालवताना कळत नाही. खालचा पाइप धड आहे तोवर धूळ येते इतकंच.

डॉ_फुरसत
आणि पाइप त्याच्या पुढे तुटला तर?

टाकेवाला
तर मागे बसणाऱ्यांचं डोकं दुखतं.

घाट_ते_खाडी
आत्ता खाली जाऊन उचललं. मागच्या पायांखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन्ही बूच नाहीत. भोकातून खाली पार्किंगची फरशी दिसते. वर कार्पेट आणि त्यावर रबरी मॅट, म्हणून कधी लक्षात आलं नाही. धूळ यायची मागे, आम्ही काचेच्या रबराला दोष देत होतो.

मोहोर
बाई गं. मुलगा तिथेच झोपला होता ना.

डॉ_फुरसत
आता दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका. न्यावीच लागली तर एकट्याने, चारही काचा पूर्ण खाली आणि सिग्नलला, टपरीवर चालू ठेवून उभं राहायचं नाही.

नाना_पेठी
डॉक्टरांच्या म्हणण्यात भर. एसी आतलीच हवा फिरवायच्या बटणावर असला की बाहेरची हवा आत दाबली जात नाही आणि खालच्या फटींतून ओढायला वाव मिळतो. बाहेरच्या हवेवर पंखा जोरात ठेवला तर आतला दाब थोडा वाढतो, धुराला अडवतो. पण फट इंजिनच्या बाजूला, मॅनिफोल्डला असेल तर उलटं, कारण हवा आत घ्यायची जाळी समोरच्या काचेच्या मुळाशीच असते. कॅट तापलेला असताना त्याच्या मागच्या तुटक्या जागेतून येणारा वायू बराच निवळलेला असतो, तुमचं नशीब तेवढं. सकाळी गार इंजिनवर कॅट काहीच काम करत नाही.

बोल्टू
डॉक्टर, मघाचं घाबरवण्याचं मागे घेतो.

पाचवा_गियर
म्हणजे वहिनींचं ऐकायचं नाही?

घाट_ते_खाडी
गाडी आली मंडळी. काय केलं ते लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

सर्व्हिस सेंटरला नाही म्हटलं, नाक्यावरच्यालाही जागेवर टाका नको म्हणून सांगितलं. तो आधी कुरकुरला, पण पाइप उतरवून द्यायला तयार झाला. जुना फ्लँजचा भाग मागे चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, नवी फ्लँज आणि तुकडा घातला. मधे नवं पॅकिंग, बोल्ट स्प्रिंगसकट नवे. मफलर बाहेरच्या कंपनीचा, भाच्याने पुण्याहून नाना पेठेतून पाठवला, मूळच्यापेक्षा आवाज किंचित जाड आहे पण चालेल. मागची दोन्ही रबरं नवी. सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली बसलं. जुन्या मफलरमधून खरंच ढेकळं निघाली, वाशिष्ठी_पूल, अगदी तुम्ही म्हणालात तशी.

फ्लेक्स तूर्त ठीक आहे. ओल्या फडक्याने तपासलं, कुठे फुस्स नाही. बूच मात्र चिपळुणात मिळाले नाहीत, रत्नागिरीहून मागवले, तेवढ्या काळात गाडी घरीच उभी होती. सासूबाईंना परवा घेऊन आलो, घाटात मळमळलं, पोफळीला उतरून कोकम सरबत प्यायल्या आणि दहा मिनिटांत भांडायला तयार.

डॉ_फुरसत
हे घाटाचंच. निश्चिंत राहा.

खडूस_काका
एवढं सगळं करून शेवटी ठिगळच मारलंत ना. मी काय म्हणत होतो?

आंबोळी
आमच्या फुरफुरीचं काय करू ते कुणीच सांगितलं नाही.

नाना_पेठी
आंबोळी, सकाळी थंड गाडीवर ऐका आणि इथेच लिहा. बोनेटकडून की मागून, एवढं आधी सांगा.

बोल्टू
मी आज मॅट उचलून बघितलं. पुरातली वगैरे नाही, सेकंडहँड घेतलेली. ड्रायव्हरच्या मागचं एक बूच गायब. नाना, किती मिलिमीटरचं मागायचं?

नाना_पेठी
मापाने मागू नका, चुकीचं देतील. दुसऱ्या बाजूचं शाबूत असेल ते काढून दुकानात न्या आणि त्याच्याशी जुळवून घ्या. आणि ते परत लावायला विसरू नका.